एकशे अडतीस ग्रॅमची गाडी

सुधारलेल्या देशात धूर सरसकट नसतो, त्याची प्रतवारी असते. या अर्थाने आयर्लंड १ जुलै २००८ रोजी सुधारला. त्या दिवसापासून नव्या मोटारीचा कर इंजिनाच्या आकारावर न बसता, ती किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन सोडते यावर बसू लागला. डिझेलचे ग्रॅम कमी भरतात असे छापील तक्त्यात दिसताच, आदल्या दिवसापर्यंत डिझेल गाडीमागे नाक दाबून चालणारे लोक तिला हिरवी म्हणू लागले. (धूर काळाच होता. पण काळेपणाला तक्त्यात रकाना नव्हता.)

डब्लिनजवळच्या ल्युकनमध्ये राहणारे गणिताचे शिक्षक लॉर्कन टुही यांना या सुधारणेत मागे राहणे शक्यच नव्हते. त्यातून टुही सरांना गाडी स्वतःसाठी नकोच होती, वडिलांसाठी हवी होती. वडील मॅटी, वय एक्क्याऐंशी, पन्नास किलोमीटरवर वेस्टमीथमध्ये एकटे राहत. जुनी पेट्रोल गाडी फार पिते म्हणून सरांची तिकडे दोन-दोन महिने फेरी होत नसे.

"नवी येऊ द्या बाबा, मग दर रविवारी येतो," असा त्यांनी शब्द दिला होता.

शोरूममध्ये डोरन नावाच्या विक्रेत्याने दोन गाड्या दाखवल्या.

"ही एकशे बेचाळीस ग्रॅमची. मागे तिन्ही पोरं ऐसपैस, पुढे तुमचे वडील पाय पसरून बसतील."

"आणि ती?"

"ती एकशे अडतीस. एकशे चाळीसच्या आत, म्हणजे कराचा खालचा वर्ग."

"पायांचं काय?"

"पाय त्या वर्गात बसत नाहीत, सर."

एकशे अडतीसवर येण्यासाठी कंपनीने फार त्याग केला होता. चाके बारीक केली होती आणि स्टेपनी काढून तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या फेसाचा डबा ठेवला होता. शिवाय ग्रॅम मोजताना गाडीत चालकाशिवाय कोणी नसते. यावरून सिद्ध होते की कुटुंबाची गाडी कुटुंबाविना सर्वांत शुद्ध असते.

"अरे, पण बाबा बसणार कुठे?" बायकोने, ब्रोनाने, विचारले.

"बाबांना कशाला बसायचंय? आपण जाणार त्यांच्याकडे!"

तर्क बिनतोड होता. एकशे अडतीस दारात उभी राहिली. (नंबराच्या पाटीवर ०८ हे साल ठळक असते, त्यामुळे शेजाऱ्यांना चौकशीचा त्रास पडत नाही.)

पहिले तीन महिने वेस्टमीथला जाणे जमले नाही. आधी शाळा सुरू व्हायची होती, नंतर ती सुरू झाली होती. गाडी रोज मुलांना नऊशे मीटरवरच्या शाळेत सोडून घरी येई. ऑक्टोबरात सरांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे स्टिअरिंगमागे, एक पिवळा दिवा लागला.

"काजळीची जाळी तुंबलीय," डोरन फोनवर म्हणाला. "मोटरवेवर वीसेक मिनिटं सणसणीत पळवा, काजळी जळून जाईल. हिरव्या गाड्यांना एवढं करावंच लागतं."

मोटरवे वडिलांच्याच गावाकडे जात होता. रविवारी सरांनी फोन केला, "बाबा, निघालो!" मॅटींनी सोडा ब्रेड भट्टीत घातला आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले.

चाळिसाव्या किलोमीटरला ब्रोना म्हणाली, "विझला बघ."

सरांनी जागच्या जागी हिशेब केला. उरलेले दहा किलोमीटर जाऊन-येऊन वीस. वीस गुणिले एकशे अडतीस, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो कार्बन. पृथ्वीवर असा अन्याय करणे शिक्षकाला शोभत नाही. पुढच्या फाट्यावरून त्यांनी गाडी वळवली आणि वडिलांना फोन लावला.

"बाबा, दिवा विझला."

"हो का? बरं झालं. आराम पडला ना गाडीला?" मॅटी म्हणाले आणि ब्रेड कोंबड्यांना टाकला.

जूनपर्यंत दिवा अकरा वेळा लागला आणि अकराही वेळा चाळिसाव्या किलोमीटरच्या आत विझला. वाचलेला कार्बन : तीस किलो. ब्रेड खाणाऱ्या कोंबड्या : चार. त्यांची प्रकृती उत्तम.

बाराव्या खेपेला निरोप येताच मॅटी आधी चर्चमध्ये गेले आणि मेणबत्ती लावली.

"कुणासाठी, मॅटी?" फादरांनी विचारले.

"पोराच्या गाडीसाठी, फादर. तिची जाळी एकदा तरी दहा किलोमीटर जास्त तुंबू दे."

त्या दिवशी चाळीस गेले, पंचेचाळीस गेले, दिवा काही विझेना. शेवटी गाडी फाटकाशी येऊन थांबली. इंजिन मात्र बंद करता येत नव्हते, काजळी अर्धवट जळून राहिली असती.

"बाबा, बसा ना आत पाच मिनिटं," सर काच खाली करून म्हणाले.

मॅटींनी पुढच्या दाराने प्रयत्न करून पाहिला. गुडघा आत जाईना. मग ते बाहेरच खिडकीला धरून उभे राहिले. नातवंडांच्या हातात त्यांनी गरम ब्रेड दिला, कोण किती उंच झाले ते विचारले. बोलताना त्यांची नजर सारखी स्टिअरिंगकडे जात होती. सहाव्या मिनिटाला त्यांनीच सांगितले, "विझला रे. निघा आता, उगाच पृथ्वीला त्रास नको."

सर निघाले. मॅटी हात हलवत राहिले, धूर खाली बसेपर्यंत.

वाचकांना सरांचे हसू आले असेल तर ते साहजिकच आहे. सर बाराव्या खेपेला का होईना, पोहोचले. तुमच्या गाडीत असा दिवा आहे का?