तांडेल ऑगस्टीनची बोट

"तुम्ही ख्रिश्चन लोक मूळचे गोव्याचे ना?" हाटकेश भागातल्या वर्कशॉपमध्ये सोबत काम करणाऱ्या जितेंद्रने विचारलं आणि रुबेनची सटकली!

"गोव्याचा असेल तुझा बाप! आमच्या पिढ्या उत्तनच्या खाऱ्या पाण्यात मुरल्यात! थांब, पणजोबाचा इतिहासच आणून तोंडावर मारतो!"

झालं! दर रविवारी स्वारी उत्तन-पालीत. पण पणजोबाचं नाव ऑगस्टीन, आणि नातवाला आजोबाचं नाव द्यायची गावाची रीत. जिथं तिथं ऑगस्टीन! कुणी भांडकुदळ, कुणी दारुडा. पालीत मात्र एक निघाला, वादळातून अख्खी बोट परत आणणारा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान! बाजारात मोठ्या पापलेटवर झडप घालावी तसा रुबेनने तोच पणजोबा म्हणून उचलला. सगळं गाव पालथं घातलं, घरातल्या टेरेझा आतेला तेवढं विचारलं नाही.

धाकट्या भावाची, कॉलिनची, नवी बोट तयार होती. कर्ज काढून बांधलेली. रुबेनने तिच्यावर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं, 'तांडेल ऑगस्टीन'! आशीर्वाद द्यायला फादर आले, खलाशी आले, काठी टेकत आतेही आली.

"ह्यो तांडेल कोण?"

"तुझा आजा, आते!"

"माजा आजा? अरे, बोटीत पाय टाकला की ओकायचा तो! जन्मभर काठावर बोंबील सुकवले त्यानं!"

किनारा हसून लोळला. खलाशांचे चेहरे मात्र पडले. त्यांच्यातला पास्कल म्हणाला, "अपशकुनी नाव हाय. आम्ही न्हाय चढत."

"दादा," कॉलिन किंचाळला, "आता बोटीत काय कोंबड्या पाळू?"

"गप बसा!" आते कडाडली. "त्याचे सगळे भाऊ एका बोटीत गेले, परत न्हाय आले. हा आदल्या फेरीला ओकून अर्धमेला, म्हणून घरी राहिला. भावांची पोरं कुणी वाढवली? यानंच, बोंबील विकून! पास्कल, तुजा आजा त्यातलाच एक. आता बोल, अपशकुनी!"

पास्कलने डोकं खाजवलं आणि तोच पहिला चढला. त्याच्यामागे बाकीचे. 'तांडेल' खरवडून काढलं, 'ऑगस्टीन' राहिलं. फादरनी पाणी शिंपडलं.

"ये दादा, पहिल्या फेरीचा मान तुझा!"

बोट नुसती डुलताना बघूनच रुबेनच्या पोटात ढवळायला लागलं.

"तुम्ही व्हा पुढे," तो तोंडावर रुमाल दाबत म्हणाला, "वंश चालवायला कुणीतरी काठावर नको का!"