वेबसाइटची राखण

"आठ दिवस वेबसाइट मेली होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता!" गंधारचं हे रडगाणं गेल्या दिवाळीपासूनचं. तारकर्लीत घराला लागून तीन खोल्या, समोर समुद्र, आणि पर्यटक मात्र शेजाऱ्याच्या दारात. घरात फोनला रेंज नाही, आहे ते नुसतं वायफाय, म्हणून बुकिंग सगळं वेबसाइटवरून. तीच आडवी झाली तर पाहुण्यांना काय स्वप्न पडणार आहे?

मुंबईची नोकरी सोडून तो गावी आला त्याला दोन वर्षं झाली होती. श्रियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, यंदा निर्वाणीचं सांगून टाकलं. "नाताळपर्यंत खोल्या भरल्या तर इथे. नाहीतर मुंबई. मला आता रोज रिकाम्या गाद्या झटकवत नाहीत." बाबा ओटीवर बसून ऐकत होते. आई गेल्यापासून घरात तिघंच. त्यातले दोघं गेले की उरणार कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

मग वेबसाइट बंद पडली की लगेच कळवणारी सेवा घ्यायचं ठरलं. गंधारने तीन कंपन्या निवडल्या आणि पंधरा दिवस त्यांचे तक्ते करत बसला. पहिली फक्त साइट उघडते का ते बघणार. दुसरी बुकिंगचं बटणसुद्धा स्वतः दाबून बघणार. तिसरी साइट हळू चालली तरी ओरडणार. हा म्हणे, पहिली स्वस्त. श्रिया म्हणे, दुसरी शहाणी. जेवणं थंड व्हायला लागली.

"इतकी डोकेफोड कित्याक?" बाबा म्हणाले. "होडी घेतली देवाक इचारून, सून आणली देवाक इचारून. ह्या काय मोठा लागून गेला?"

श्रियाने कपाळाला हात लावला. पण गाव कौलाचं. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दसऱ्याच्या आधी गंधारने तीन चिठ्ठ्या लिहून दिल्या. बाबा एकटेच देवळात गेले. तास-दीड तासाने परत आले ते चेहरा पाडूनच.

"खंयची?" गंधारने विचारलं.

"पयली," म्हणाले आणि सरळ आत जाऊन आडवे झाले.

पहिली तर पहिली. त्याच आनंदात गंधारने दसऱ्याला साइट सजवली, बुकिंगच्या बटणाला भगवा रंग दिला. रंग छान बसला. आपलंच बटण दाबून कोण बघतो?

तेव्हापासून रोज सकाळी निरोप यायचा, 'आपली वेबसाइट शंभर टक्के सुरू आहे.' बुकिंग मात्र एक नाही. दिवाळी कोरडी गेली. श्रिया म्हणाली, "ती दुसरी कंपनी घेऊन बघूया का?"

"देवाचो कौल तो! बदलूचो तर परत इचारूक व्हयो," बाबा एकदम तडकले.

"मग विचारा ना!"

पण कौल लावणाऱ्या गुरवांचे काका वारले, त्यांना बारा दिवस सुतक. सुतक फिटलं तर जत्रा आली. जत्रा झाली तर बाबांची कंबर धरली. देवळाकडे जायचं नाव काढलं की म्हातारा कण्हायला लागायचा.

नाताळ आला आणि गेला. गाद्या तशाच. गंधारने हरलेल्या मनाने जुन्या नोकरीला होकार कळवला, परवाची तिकिटं काढली, श्रियाने बॅगा भरल्या.

आणि मालवणच्या मासळीबाजारात त्याला जानकीबाई भेटल्या. कोल्हापूरच्या, दरवर्षी त्यांच्याकडेच उतरणाऱ्या.

"काय वो, धंदा बंद केला व्हय?" बाई म्हणाल्या. "बटण दाबलं की नुसतं चक्र फिरतंय. चार येळा केलं बघा! शेवटी तुमच्या शेजारी उतरलो."

गंधारने तिथेच सुरमईच्या पाटीसमोर फोन काढून ते भगवं बटण दाबलं. चक्र फिरलं. फिरतच राहिलं. कंपनीचं काही खोटं नव्हतं, साइट उघडत होती. पण राग कोणावर तरी काढायला हवा, म्हणून तो तरातरा घरी आला.

"बाबा, तुमच्या देवान माका बुडवल्यान!"

"देवाक बोल लावू नको," बाबा खाली बघत म्हणाले. "तेका कंपनीचा मी इचारूकच नाय."

"नाय? मगे काय इचारल्यात?"

"माजो झील, तू, हंय गावात रवतलो काय, ता."

श्रिया बॅगेची चेन लावता लावता थांबली. गंधारला पुढचं विचारावंसं वाटेना, तरी विचारलं.

"मगे?"

"डावो. कौल तीनदा लावलो, तीनदा डावो. मगे खंयचीय कंपनी घेतली म्हणान काय फरक पडणार होतो?"

"अहो, पण तेव्हाच सांगूक काय झाला होता?" गंधार ओरडला. "फुकट तीन म्हयने गेले!"

"तुजे गेले," बाबा म्हणाले. "माका गावले."