अन् न्हाई जमलं तर?

दशरथअण्णांना चहा सांगता येत नाही. म्हणजे सांगतात, पण त्यांचं सांगून संपत नाही. कर्नाटकात हुमनाबादला आमच्या ऑफिससमोर ढाबा आहे. तिथल्या वेटरला जवळ बोलावून ते म्हणतात, ‘एक चहा आण. साखर कमी. कमी म्हणजे अर्धा चमचा. दूध नासलं असलं तर काळा आण. अन् काळाबी न्हाई जमला तर येऊन सांग, तिकडंच गप बसू नको.’ तोवर वेटर दुसऱ्या टेबलावर ताटं ठेवून आलेला असतो. अण्णा माझ्याकडं बघून म्हणतात, ‘बघ मास्तर, न्हाई जमलं तर काय, हेच्यावर कुणाचं ध्यानच न्हाई.’

मी मास्तर नाही. बी.एड. केलं आणि नोकरी लागली नाही, एवढ्यावर त्यांनी मला हे नाव ठेवलंय. चिडून उपयोग नाही, ढाबेवालाही आता मला मास्तरच म्हणतो.

आमचं काम काय, हे सांगून कुणाला पटत नाही. हायवेला टायरच्या दुकानावर आमची खोली आहे. लॉरी गेली की खिडक्या खडखडतात. तिथं बसून आम्ही सूचना तपासतो. कुठल्या तरी दुकानाला, दवाखान्याला आपल्या लोकांशी बोलायला एआय पाहिजे असतो. त्यानं काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठं गप्प बसायचं हे कुणीतरी लिहून देतं. ते लिहिलेलं चांगलं की भिकार, हे पाचपैकी गुण देऊन आम्ही ठरवायचं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात म्हणून आम्हाला घेतलं. आमच्या भागात तिन्ही सगळ्यांनाच येतात, पगार मात्र एकाच भाषेचा मिळतो.

अण्णा पूर्वी बसस्टँडवर कंट्रोलर होते. जन्म माईकवर सूचना देण्यात गेला. रिटायर झाले, बायको वारली, घर खायला उठलं, म्हणून इथं आले. आल्यापासून जगातल्या सगळ्या सूचनांना गुण देत सुटलेत. दवाखान्यात ‘शांतता राखा’ अशी पाटी दिसली. ‘लेकरू रडलं तर? दोन,’ म्हणाले. आत डॉक्टर म्हणाला, ‘गोळी जेवण झाल्यावर घ्या.’ ‘अन् जेवनच गेलं न्हाई तर?’ डॉक्टर वैतागून म्हणाला, ‘मग दुसऱ्या डॉक्टरकडं जा!’ अण्णा एकदम खूश. ‘पाच! ह्येला म्हणायचं सूचना.’

हसा. मीही हसायचो. पण कामात हा माणूस कडक होता. ‘मशीन लई ऐकणारं असतंय मास्तर,’ म्हणायचे. ‘सांगितलं तेवढंच करतंय. म्हणून सांगणाऱ्यानं भ्यायला पाहिजे.’

आम्ही भीत नव्हतो. आम्ही चार द्यायचो. पाच दिले की कारण लिहा, तीन दिले तरी कारण लिहा. चारला कुणी काही विचारत नाही.

अण्णांना एकच लेक, शोभा. कलबुर्गीकडं, आळंद तालुक्यात निंबर्ग्याला दिलेली. दर रविवारी ते फोन लावायचे. ‘कसं हाय?’ ‘बरं हाय अप्पा.’ झालं, संपला फोन. बरं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नवरा हात उचलतो, हे तिकडून येणारे जीपवालेसुद्धा सांगायचे. अण्णा एकदा जाऊन आले. भर उन्हाळ्यात लेकीनं गळ्याभोवती पदर गच्च लपेटला होता. चहा दिला, म्हणाली, ‘बरं हाय.’ अण्णा आले तसे परत. मला वाटायचं, कसला बाप हा! हाताला धरून घेऊन यायचं सोडून चहा पिऊन येतो?

मग ती सूचना आली. घरगुती अडचणींवर सल्ला देणाऱ्या एआयसाठी होती. बाईनं सासरच्या त्रासाचं लिहिलं तर तिच्याशी गोड बोलावं, धीर द्यावा, जुळवून घ्यायला सांगावं, संसार मोडेल असं काही बोलू नये. छोटी, सुटसुटीत, सभ्य सूचना. सगळ्यांनी चार दिले, मीही दिले. अण्णांनी शून्य दिलं. शून्य द्यायची सोयच नव्हती, तर शेऱ्यात लिहिलं, ‘शून्य. जुळवून घे म्हणलं, अन् न्हाई जमलं तर? बाईनं जायचं कुठं?’

टीम लीडर आला. अण्णांच्या लेकीपेक्षाही लहान पोरगा. ‘अण्णा, सगळ्यांचे चार आहेत. तुमच्या एकट्याचा मेळ बसत नाही. बदला.’

‘न्हाई बदलत.’

‘मग तुम्हाला काढावं लागेल.’

‘काढा की,’ अण्णा म्हणाले. ‘पर काढल्यावर मी कुठं जायचं, तेवढं लिवून द्या.’

खोलीत कुणी हसलं नाही. त्यांना काढलं. सूचना चार गुणांनी पुढं गेली. आज कुठंतरी एखादी बाई रडत लिहीत असेल आणि ते मशीन तिला गोडीगोडीनं जुळवून घ्यायला सांगत असेल. थू आमच्या कामावर!

मी मागोमाग गेलो तर अण्णा पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसलेले.

‘एवढं कामून ताणलाव अण्णा?’

‘ती सूचना माझीच हाय मास्तर.’ खाली बघत म्हणाले, ‘पाठवणीला, विहाराच्या दारात, जो तो पोरीला कायबाय सांगायलता. मी म्हणलो, जुळवून घे. माईकवर बोलल्यागत म्हणलो. लोकांनी माना डोलावल्या. न्हाई जमलं तर काय, ते सांगितलोच न्हाई. अन् पोरगी सांगितलं तेवढंच करायलीय.’

‘अहो मग आत्ता सांगा की!’ मी ओरडलोच. ‘फोन खिशात आहे ना!’

त्यांनी लावला. रविवार नव्हता, त्यामुळं पोर घाबरली. ‘काय झालं अप्पा?’

‘काय न्हाई झालं. नीट ऐक,’ अण्णांचा आवाज बसस्टँडवरचा झाला. ‘जुळवून घे म्हणलो हुतो, ते चुकलं माझं. आता सांगतो ते धर. न्हाई जमलं तर घरी ये. कवाबी ये. कपडे न्हाई घेतलीस तरी चालतंय. कुणाला इचारायचं न्हाई. पैसे नसले तर जीपमध्ये बस, अप्पा देतील म्हण. मी घरी नसलो तर बसस्टँडवर हाय. समजलं का?’

पलीकडून आलं, ‘इतक्या वर्सांनी सांगायलाव अप्पा?’ आणि लगेच, हळू आवाजात, ‘बरं हाय. ठेवते, सासूबाई बोलवायल्यात.’

अण्णा बंद फोन हातात धरून बसले. मग म्हणाले, ‘किती देशील मास्तर?’

‘पाच,’ मी म्हणालो.

‘उगं देऊ नको,’ अण्णा म्हणाले. ‘ती आली तर दे.’

पिशवी उचलून ते बसस्टँडकडं गेले. आता रोज तिथंच असतात. कलबुर्गीची गाडी लागली की उठून दाराशी जाऊन उभे राहतात आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत हलत नाहीत.