समासात लिहिणारे गावंडे सर

उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासताना गावंडे सर समासात मुलांशी गप्पा मारत. आम्ही बाकीचे मास्तर दिवसाला चाळीस पेपर उडवायचो. सर बारा तपासायचे आणि प्रत्येकाला लाल शाईत उत्तर लिहायचे. 'हे कुठून सुचलं?' 'असं म्हणतोस, मग स्वप्नाचं काय करशील?' 'अक्षर सुधार, डोकं चांगलं आहे.'

हे पेपर मुलं बघत नाहीत, ते पुढे रद्दीत जातात, असं मी त्यांना दर वर्षी सांगायचो. मी वाणिज्यचा माणूस, अमरावतीच्या त्या मूल्यांकन केंद्राचा प्रमुख, त्यामुळे मला निकालाची घाई. सर चष्म्यावरून बघत. "त्यानं मले चार पानं लिवली राजेहो, मी दोन ओळी लिवू नोको?"

सरांची तत्त्वज्ञानातली पीएच.डी. 'संशय' या विषयावर. अंधारून आल्यावर दूर काहीतरी उभं दिसतं, तो खांब की माणूस, हा जुन्या तर्कशास्त्राचा लाडका दाखला. त्या दाखल्यात सरांची नऊ वर्षं गेली. त्याचाच परिणाम असावा, दिवस मावळला की ते कॉलेजच्या आवारातल्या विजेच्या खांबालाही नमस्कार करत. मी हसलो की म्हणत, "माणूस असला तं? फुकट अपमान व्हायचा बिचाऱ्याचा."

त्यांच्या वर्गात कधी चार मुलं, कधी एक. पुढे तर आमच्याकडे तो विषयच बंद झाला आणि सर पर्यावरणाचा सक्तीचा पेपर शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली संशोधन करायला कधीच कोणी आलं नाही.

विषय बंद होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते एक पेपर घेऊन माझ्या टेबलाशी धावत आले. संशयाच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'बघणाऱ्याला शंका येते, हे खरं. पण तिथे जो माणूस उभा आहे, त्याला आपण खांब दिसतोय हे कोण सांगणार?'

"सारं आयुष्य मी बघनाऱ्याच्याच बाजूनं इचार केला," सर म्हणाले. "कोन पोट्टं आहे हे? नाव सांगा मले."

"सर, गोपनीय असतं."

"बरं, निकालानंतर?"

"निकालानंतर बघू," मी म्हणालो. पेपरचा नंबर चिठ्ठीवर टिपूनही घेतला. एका फोनचं काम होतं. मी ते केलं नाही. आळस, दुसरं काही नाही.

सर मात्र शोधत राहिले. भातकुली, बार्शीटाकळी, जिथे म्हणून तत्त्वज्ञान शिकवतात तिथे जायचे, वर्गात ते वाक्य वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "कोनं लिवलं हे?" मुलं एकमेकांकडे बघून हसायची. मूर्तिजापूरकडच्या एका प्राचार्यांना तर वाटलं, वरून तपासणी आली. त्यांनी पोहे मागवले आणि सात वर्षांची रजिस्टरं पुढ्यात मांडली. सरांनी पोहे खाल्ले आणि पुन्हा तेच विचारलं.

यंदा सर निवृत्त झाले, अकोल्याला मुलीकडे राहायला निघाले. स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो.

"ते पोट्टं काही सापडलं नाही," बाकावर बसता बसता ते म्हणाले.

"सापडलं असतं तर काय करणार होतात? पीएच.डी.ला बसवणार होतात?"

"नाही जी. एवढंच सांगतलं असतं, का बाप्पा, मी वाचलं." मग म्हणाले, "माह्या प्रबंधाले असं अजून कोनी म्हटलं नाही."

प्रबंधाचं पुस्तक झालं तेव्हा सरांनी सही करून एक प्रत मला दिली होती. एकोणीस वर्षं ती माझ्या कपाटात आहे. सहीच्या पानापुढे मी गेलेलो नाही. 'मी वाचलाय' असं म्हणायला तोंड उघडलंही होतं; पण कोणतं प्रकरण आवडलं, हे त्यांनी लगेच विचारलं असतं. ते माझ्याकडे बघत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"सर," मी त्यांची पिशवी उचलली, "अकोल्याची गाडी लागली."