तीनदां पुकारल्याबद्दल पिंपळधक्का बंद जाहला त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास दंडवत, त्यानें दारावरचें विघ्न निवारावें, आणि दारवानच विघ्न जाहला असेल तर त्यास आधीं निवारावें. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ते समयीं जाळ्याचे मुलुखीं एक दौलत नांदत होती. तिचें नांव घेणें नाहीं. घेतलें तर आम्हांसही दार बंद व्हावयाचें. त्या दौलतीचा एक जाहीर चौक होता, आणि नदीच्या धक्क्याधक्क्यास त्या चौकाचें एकेक दार होतें, आणि दारांत उभें राहून जो शब्द टाकावा तो घरोघर ऐकूं जावा ऐसी करामत होती. मग तेथें बजाबा नामें एक भोंदू शिरला, आणि टकलावर केस उगवणारें तेल घ्या, घरबसल्या मोहरा मिळवा, ऐसे पुकारे अष्टौप्रहर करूं लागला, आणि रयत कावली. त्यास हाकलणें वाजवी होतें, हें आम्हीही म्हणतों. मग कोतवाल अवधूतराव यांणीं मसलत करून हुकूम फर्माविला कीं, एकच बोल जो तीन वेळां बोलेल तो भोंदू जाणावा, आणि तो ज्या धक्क्यावरून बोलला तो अवघा धक्का भोंदूंचा, सबब बंद करावा. कारभाऱ्यांनीं माना डोलाविल्या. बजाबानें काय केलें? रोज नवें नांव घेतलें, नवी पगडी बांधली, आज तेल म्हणावें, उद्यां अर्क म्हणावा, आणि खुशाल आंत यावें. त्याचा कोणी केसही वांकडा केला नाहीं.

आतां वरल्या अंगास पिंपळधक्का, तेथें नावाडी लोकांची वस्ती. नदी चढली म्हणजे तीन दिशांस तोंड करून एकच बोल तीन वेळां पुकारावा, एकदां पुकारलेलें वाऱ्यानें नेलें असें समजावें, ही त्यांची वाडवडिलांपासूनची चाल. तेथील भागूबाई नावाडीण, तिची लेक मथुरा खालचे पेठेंत दिलेली, आणि ती नुकती बाळंत होऊन बाजेवर निजलेली. श्रावण वद्य पंचमीस वरला बंधारा फुटला, आणि पूल गेला, आणि पेठेची वाट बुडाली. मग भागूबाई धांवत दाराशीं आली आणि पुकारती जाहली कीं, "पाणी आलें, टेंकडी गांठा!" ऐसें तीन वेळां. तिसरा बोल तोंडांत असतांच दार धाडकन लागलें, आणि आधींचे दोन बोलही भोंदूचे म्हणून दारांतच अडले.

भागूबाई म्हणाली, "अरे मुडद्या, दार उघड! माझी पोर खालीं आहे." आंतून पहारेकरी बोलिला, "बाई, तुम्ही मनुष्य आहांत याची खात्री पटवा." भागूबाई म्हणाली, "मग काय म्हैस बोलतेय?" तो म्हणाला, "हुकूम आहे. हें नऊ घरांचें चित्र. ज्या घरांत पूल दिसेल त्यावर बोट ठेवा." भागूबाईनें चित्र पाहिलें आणि म्हणाली, "हा तर आमचाच पूल. तो सकाळींच वाहून गेला. आतां यांत पूल कुठला?" पहारेकरी म्हणाला, "चुकलांत. उद्यां या."

मग वस्तीचे इतर नावाडी आले, तर त्यांसही दार बंद, कारण धक्काच भोंदूंचा ठरला. शेजारचे धक्क्यावर बजाबा होडींत बसून नवी पगडी बांधीत होता. भागूबाई होडी हाणून तेथें गेली, पण तिचें नांव भोंदूंत चढलेलें, सबब तेंही दार तिला बंद. मग ती म्हणाली, "बजाबा, आजवर तुला माझ्या घराच्या दाराशीं उभा केला नाहीं. आज माझा एक निरोप आंत ने." तो म्हणाला, "मावशी, तो बोल आतां भोंदूंचा ठरला, पाणी म्हटलें तर मजलाही हाकलतील. तेलांत घालून नेतों." आणि आंत जाऊन पुकारता जाहला कीं, "मथुराबाई, लांब केसांचें तेल आलें! तुमचे आईनें सांगितलें आहे, लेकरूं घेऊन टेंकडीवर या, आतांच्या आतां या!" पेठेंतील लोकांनीं शिव्या देऊन कान झांकले. मथुरा मात्र बाजेवरून उठली आणि सासूस म्हणाली, "आत्याबाई, माझी आई या मेल्याला उंबऱ्याशीं फिरकूं देत नाहीं. तिनें याच्या तोंडून सांगणें धाडलें, तर कांहीं तरी भयंकर आहे. चला." मग ती लेकरूं पदरांत घेऊन निघाली, आणि तिला पाहून आळीची आळी निघाली, आणि टेंकडीवर पोंचतात तों खालीं पाणी शिरलें. आळी वांचली. बाकी पेठेचीं घरें गेलीं, गुरें गेलीं, कान झांकून बसलेलीं माणसेंही गेलीं, त्यांचा हिशेब कोतवालीनें ठेविला नाहीं.

मग मथुरा टेंकडीखालचे धक्क्यावर आली, आणि चालीप्रमाणें तीन दिशांस तोंड करून तीन वेळां पुकारती जाहली कीं, "आई, आम्ही सुखरूप आहों!" तोही धक्का बंद जाहला. आईस शब्द पोंचला नाहीं. शेवटीं बजाबानेंच येऊन सांगितलें, आणि तेलाची कुपी घेतल्याविना सांगेना. भागूबाईनें कुपी घेतली, लेक जिती आहे हें ऐकलें, आणि तेल नावेच्या वल्ह्यास चोळिलें. केस उगवले नाहींत.

पुढें पिंपळधक्क्यानें दार उघडण्याविशीं अर्ज केला. जबाब आला नाहीं म्हणून पुन्हां केला, आणि पुन्हां केला. मग जबाब आला कीं, एकच अर्ज तीन वेळां आला, सबब अर्जदार भोंदू.

एणेंप्रमाणें बंदोबस्त जाहला. बजाबा आंत आहे, भागूबाई बाहेर आहे, आणि कोतवालांस शालजोडी मिळाली. इति.