काट्यावरचे अण्णा

अण्णांना चहा दिला की ते कपाकडे बघत नाहीत, देणाऱ्याकडे बघतात. चांगलं निरखून बघतात आणि विचारतात, "आज च्या? उगंच न्हाय." मग कप हातात तसाच धरून बसतात. समोरच्यानं पहिला घोट घेतला, तो गिळला आणि गिळूनही तो धडधाकट आहे अशी खात्री पटली, की मग अण्णांचा कप तोंडाला लागतो. बारा वर्षं मी त्यांचा शेजारी आहे. माझ्या घरच्या चहानं आजवर कुणी दगावलेलं नाही, पण ही परीक्षा मला दर वेळी नव्यानं द्यावी लागते.

यात अण्णांचा तरी काय दोष? एकतीस वर्षं हा माणूस एका साखर कारखान्याच्या काट्यावर बसून होता. उसाचा ट्रॅक्टर आला की वजन करायचं, रिकामा परत आला की पुन्हा करायचं. कुणी मोळ्यांवर पाणी मारून आणायचं, कुणी पाचटाखाली दगड घालायचं. एकानं तर सख्ख्या मेव्हण्यालाच उसाखाली झोपवून आणलं होतं. त्याला शिंक आली म्हणून सापडला. "हासत येणारा डायवर दिसला की वळखायचं," अण्णा सांगतात, "ह्याच्या उसाखाली कायतरी हाय." निवृत्त झाल्यावर ते कळंबला आमच्या गल्लीत राहायला आले. काटा तिकडेच राहिला, नजर मात्र बरोबर आली.

आता ही नजर साऱ्या गल्लीवर असते. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर दिली, तर अण्णा वळणावरून परत गेले आणि जुडी तिच्या पाटीत ठेवून आले. समोरच्यांच्या घराला रंग लागला, "उगंच न्हाय." माझ्या बायकोनं नवीन कुंडी आणली, "उगंच न्हाय." आणि खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी मीही त्या कुंडीकडे जरा वाकड्या नजरेनं बघायला लागलो. संशय हा संसर्गजन्य असतो.

घरात त्यांनी एक ताणकाटा बाळगलाय, हुक लावून उचलायचा. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्याला लटकते. एका दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट गेलं आणि संध्याकाळी अण्णा रिकामं ताट घेऊन दारात उभे. आत यायला तयार नाहीत. शेवटी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, औंदा फराळ गेल्या सालापेक्षा दीड पाव कमी हाय. घरात कायी अडचण न्हाय ना?" अडचण काहीच नव्हती, बायकोची कंबर धरली होती म्हणून करंज्या कमी झाल्या होत्या. पण त्या दिवशी मला रागवावं की गहिवरावं ते कळेना. मी दोन्ही केलं.

तर अशा या अण्णांकडे एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. माझ्याकडेही तशीच एक आहे. आमच्या जिल्ह्यातली हौशी मंडळी दर वर्षी अशा जुन्या गाड्यांची रॅली काढतात. आदल्या दिवशी येडशीजवळच्या माळावर तंबू ठोकून मुक्काम, सकाळी उजाडताच निघायचं, धाराशिववरून लोहाऱ्याला जेवण आणि संध्याकाळी नळदुर्गचा किल्ला. मी अण्णांना दर वर्षी विचारायचो आणि ते दर वर्षी म्हणायचे, "साठ गाड्या एका माळावर? उगंच न्हाय." यंदा मात्र स्वतःहून आले. पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं. लोहारा आल्यावर म्हणाले, "परत वाचा." मग म्हणाले, "माझं नाव घाला."

बारा वर्षांत पहिल्यांदा संशय यायची पाळी माझ्यावर आली.

त्याचं असं आहे. अण्णांची एकुलती एक मुलगी सुरेखा लोहाऱ्याला दिली आहे. अण्णांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि उजव्यात धरलाय. सुरेखानं ऑपरेशनची तारीख घेतली, स्वतः येऊन त्यांना दवाखान्यात नेलं. अण्णा तिथल्या बाकावर अर्धा तास बसले, नर्सनं गोड बोलून नाव विचारलं आणि तेवढ्यानं बिनसलं. "हासून इचारती म्हंजी डोळा काढूनच घ्येनार," म्हणून ते मागच्या दारानं निघून सरळ घरी आले. सुरेखा एवढी चिडली की म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बघा. समजूत पटली तर फोन करा, नाहीतर करू नका." अण्णांनी केला नाही. तिनंही केला नाही. तीन महिने झाले. बापाचं नाक तिच्या चेहऱ्यावर आहेच, बापाचा हेका डोक्यात आहे.

रॅलीच्या चार दिवस आधी मला तिचा फोन आला. "दादा, अण्णांचा खोकला थांबला का? आणि त्यांनी रॅलीला नाव दिलंय म्हणे. त्यांना गाडी चालवू देऊ नका. समोरून ट्रक आला तर दिसायचा नाही त्यांना. काहीही करा. पण मी सांगितलं म्हणू नका, त्यांना वाटंल मी माघार घेतली." शेवटी शेवटी तिला बोलता येईना. मी शब्द देऊन बसलो.

आता अण्णांना "जाऊ नका" म्हणणं म्हणजे त्यांना किक मारून देणं. तेव्हा मी ठरवलं, की मुक्कामाला न्यायचं, सगळ्यांत मिसळू द्यायचं आणि निघायच्या वेळी गाडीच सुरू होणार नाही अशी व्यवस्था करायची. गाडीचा प्लग काढला की काम झालं. ठिणगीच नाही तर गाडी कसली पेटतेय! जुन्या गाड्या वाटेत रुसू नयेत म्हणून आम्ही आमच्या दोन्ही एका पिकअपमधून नेल्या. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. अण्णा मागे, गाडीच्या हँडलला धरून उभे. "डायवर लई हासतोय," एवढंच म्हणाले.

माळावर पोचलो तर जत्रा भरलेली. लाल, पिवळे, निळे तंबू, गाड्यांचा धूर, चुलीवर पिठलं. अण्णांनी तंबू आणला नव्हता. ऊस झाकायची ताडपत्री आणली होती. ती त्यांनी एका टोकाच्या बाभळीला आणि दुसरीकडून स्वतःच्या गाडीला बांधली. तोंड सगळ्या तंबूंकडे. मग खिशातून खडू काढून दोन्ही चाकांभोवती दगडांवर खुणा केल्या. गाडी बोटभर हलली तरी कळावी म्हणून.

रॅलीचा आयोजक जगताप म्हणून धाराशिवचा उमदा गडी. त्यानं अण्णांना वाकून नमस्कार केला. झालं! अण्णांनी त्याच्या खाली वाकलेल्या पाठीवरून माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. त्यानं रॅलीचा टी-शर्ट दिला, तो अण्णांनी उलटा करून शिवण तपासली आणि शेवटी तसाच उलटा घातला. "छातीवर कुणाचं नाव हाय ते आदी कळू द्या. मग सुलटा करू." गाडीला लावायचा चौदा नंबर दिला, तर तेरा नंबरवाला कोण आणि तो आपल्या पुढे कसा, याची चौकशी करून आले.

तेरा नंबरवाला निघाला पुण्याचा एक तरुण. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा बसवलेला. अण्णांच्या दृष्टीनं मग तपास संपलाच. "डोक्यावर क्यामेरा! म्हंजी त्याची मान तिकडं आन् ध्यान आपल्याकडं." त्या बिचाऱ्यानं दोनदा येऊन गाडीचं कौतुक केलं. "काका, इंजिन एकदम ओरिजनल आहे का हो?" अण्णा मला म्हणाले, "बगितलं? इंजनावरच आला."

दिवस कलला तसं अण्णांनी बादली घेतली. माळाच्या खालच्या अंगाला बोअर होतं, तिथं हातपाय धुवायला निघाले. जाताना थांबले. "मास्तर, गाडीकडं ध्यान ठिवा. ह्या माळावर तुमच्याबिगर कुणावर भरवसा न्हाय."

हे ऐकल्यावर सज्जन माणसानं बेत सोडला असता. मी दोन मिनिटं सज्जन राहिलो. मग मला तो समोरून येणारा ट्रक दिसला आणि मी पाना घेऊन खाली बसलो. प्लग काढला, खिशात टाकला, वरची टोपी होती तशी बसवली. खडूच्या खुणेला धक्का लागू दिला नाही.

अण्णा आले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं?"

"काय झालं?"

"बगून झालं का? म्हंजी मी बसतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला त्या संध्याकाळी पुरतं कळलं. पिठलं-भाकरी मिळाली, पण घास उतरेना. खिशातला तेवढासा प्लग मांडीला विटेएवढा लागत होता. अण्णांनी स्वतःच्या पानातली भाकरीची करकरीत कड काढून माझ्या पानात टाकली. "जेवा की. का जेवंनात? उगंच न्हाय." मी ती कड पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

सकाळी उजाडलं तसा माळ फटफटायला लागला. मी हळहळायला तोंड तयार ठेवलं होतं. 'अरेरे अण्णा, असं कसं झालं,' हे वाक्यही दोनदा घोळवलं होतं. अण्णा शांतपणे आले. प्लगची टोपी काढली, आत बघितलं, नुसतं भोक. मग बंडीच्या आतल्या खिशात हात घालून फडक्यात गुंडाळलेला प्लग काढला, हातानं फिरवला, पान्यानं आवळला आणि किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू!

मी बघतच राहिलो. अण्णा मोठ्यानं सांगत होते, "मुक्कामाला गाडी लावली की मी चांगला प्लग काढून घ्येतो आन् मेलेला लावून ठिवतो. चोरानं पळवाय बगितली तरी चालू व्हायची न्हाय. नेला कुणीतरी मेलेला!" आणि त्यांची नजर फिरत फिरत पुण्याच्या तरुणावर थांबली. "त्योच. कालपास्नं इंजनावर डोळा व्हता." गाडी स्टँडवर तशीच धडधडत ठेवून ते त्याच्याकडे निघाले.

मी गप्प बसलो असतो तर त्या पोराला शिव्या बसल्या असत्या आणि अण्णा एका अर्ध्या डोळ्यावर हमरस्त्याला लागले असते. मी आडवा गेलो. "अण्णा, प्लग मी काढला."

"तुमी?"

मी खिशातून काढून तळहातावर धरला. अण्णांचा चेहरा असा पडला की मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या माळावर त्यांनी संशयातून एकच माणूस सोडला होता. "सुरेखानं सांगितलं," मी म्हणालो. "तुम्ही गाडी चालवू नये म्हणून."

अण्णा मागे फिरले. गाडी बंद केली. आणि मग काट्यावर ट्रॉली उभी करून घ्यावी तशी माझी उलटतपासणी सुरू झाली.

"तिनं फोन केला, का तुमी लावला?"

"तिनंच केला."

"खरं बोला. तुमीच लावला आसंल."

"तिनंच, अण्णा."

"कवा?"

"चार दिवसांपूर्वी. संध्याकाळी."

"किती येळ बोलली?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"सगळं माझंच?"

"सगळं तुमचंच."

"पयलं काय म्हनली? बोलली तसंच सांगा."

"म्हणाली, अण्णांचा खोकला थांबला का."

अण्णांनी गाडीच्या सीटवरची धूळ पुसली. मग अगदी खाली आवाजात विचारलं, "रडली?"

"शेवटी शेवटी."

मग त्यांना पुरावा हवासा वाटला असणार, कारण हात पुढे आला. मी मोबाईलवर तिच्या फोनची नोंद काढून दिली. अण्णांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. ऊन लागतंय म्हणून पाठ फिरवली. मला दिसत होतं की त्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नाहीये. शेवटी त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ द्या. तुमी म्हनताव तर आसंल."

एकतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसानं बिनवजनाचा माल पास केला होता. तिकडे जगतापनं शिट्टी मारली, गाड्या नंबरानं रांगेत लागू लागल्या. माझी गाडी पिकअपमधून येऊ दे, असं मी जगतापला सांगून आलो. तोवर अण्णा सीटवर मागे सरकून बसले होते. पुढची जागा मोकळी. किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

मी बसलो. किक मारणार तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"मास्तर, लोहाऱ्याला जेवाय थांबनार, तिला ठाव पायजे ना. जरा नंबर लावून द्या." मग इकडे तिकडे बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, ते माझ्या कानाशी वाकले. "लई दिवस झालं करायचा व्हता. पर बटनावरले आकडेच दिसंनात. आन् कुनाला म्हनू, माझ्या पोरीला फोन लावून द्या म्हनून?"

मी नंबर लावला आणि मोबाईल मागे दिला. शेजारची इंजिनं धडधडत होती, तरी पलीकडचा घाईचा आवाज मला ऐकू आला. "हां दादा, बोला! अण्णा बरे आहेत ना?"

अण्णांनी दोनदा घसा साफ केला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

सकाळचे साडेसहा वाजले होते.