बधिर जबड्याची मोहीम

दातांच्या डॉक्टरांनी बसड्रायव्हरच्या हिरडीत सुई टोचली, "बसा जरा, बधिर होऊ द्या," म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन विमान उडवायला लागले. ही त्यांची रोजची पद्धत. एक हिरडी बधिर होईतो कॉम्प्युटरवर जुन्या महायुद्धातली एक चकमक उरकायची. पेशंटही खूश, कारण इतका धीराने घेणारा डॉक्टर दुसरा नव्हता.

चकमकीत मात्र डॉक्टर हटकून पडत. ऑनलाइन तुकडीत त्यांचं नावच 'धूर' पडलं होतं. त्यात तोंडाला विसावा नाही. "आलो रे, ढगामागून येतोय!" हे ते उत्साहाच्या भरात आवाज शत्रूलाही पोचवणारं बटण दाबून सांगत, आणि शत्रू निवांत ढगामागे जाऊन थांबे.

आज बुधवारच्या मोठ्या मोहिमेसाठी तुकडीच्या कॅप्टनने (हा गृहस्थ एरवी छत्र्या दुरुस्त करायचा) त्यांना पहिल्यांदाच म्होरक्या केलं होतं. वेढ्यात सापडलेल्या तळावर औषधांची सहा विमानं उतरवायची होती.

"धूर, शेवटचा चान्स," कॅप्टन म्हणाला. "आज पडलास तर यापुढे जमिनीवर पेट्रोलचा ट्रक चालवायचा."

त्या गेममध्ये असा ट्रक खरोखरच असतो, आणि तो चालवणाऱ्याशी कोणी बोलत नाही.

विमानं उडाली आणि दार उघडलं. दारात डॉक्टरांची बायको. बाहेरचं टेबल तीच सांभाळायची.

"अहो, गाण्याच्या बाई आल्यात. पुढच्या दाताची कॅप निघालीय. आत्ता कार्यक्रम आहे त्यांचा."

"थांबव की थोडं."

"मी थांबवीन हो. पण 'सा' लावला की शिट्टी वाजतेय, बाहेर सगळे फिदीफिदी हसतायत."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. "ड्रायव्हरसाहेब, जरा आत या. हा दांडा धरा. सरळ न्यायचं फक्त."

"ऊं?" ड्रायव्हर म्हणाला. अर्धा जबडा केव्हाच कामावरून गेला होता.

"बसच समजा. मागे आणखी पाच आहेत."

एवढंच सांगायला नको होतं.

कॅपचं सिमेंट धरेपर्यंत ती बोटाने दाबून ठेवावी लागते. त्यामुळे डॉक्टरांचं बोट बाईंच्या तोंडात आणि जीव आतल्या खोलीत. मधे दारात बायको.

"उंची विचार त्यांना!"

"कसली उंची? खालच्या रस्त्याच्या वरूनच चाललेत. झाडाच्या फांद्या लागतायत."

"वर घ्या म्हणावं!"

"नाही म्हणतायत मानेने. रस्ता सोडायला तयार नाहीत."

"आणि शत्रू?"

"तो वर ढगामागे घिरट्या घालतोय. कोणीतरी ओरडायची वाट बघत असेल." ती पुढे वाकली. "अगंबाई, आता चौकाला वळसे घालतायत."

"वळसे कशाला?"

"एक विमान मागे राहिलंय. त्याला घेतल्याशिवाय हलत नाहीत."

ऐकायला डॉक्टर दाराकडे वाकले, तसं बोट आत सरकलं. बाईंनी ते चावलं.

कॅप बसली, शिट्टी थांबली, तसे डॉक्टर आत धावले. पडद्यावर सहाही विमानं तळावर उतरलेली, डाव्या कडेला धरून, एकामागे एक. ड्रायव्हर इंजिन बंद करून उभा होता आणि आपल्या गालाकडे बोट दाखवत होता. डॉक्टरांनी हेडफोन कानाला लावला.

"धूर!" कॅप्टन ओरडला. "सहाच्या सहा! आणि तोंडातून अवाक्षर नाही! असा म्होरक्या आम्हाला मिळाला नव्हता. इथून पुढे दर बुधवारी तूच!"

खरं सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग पेट्रोलचा ट्रक डोळ्यांपुढे आला.

"ऊं," ते म्हणाले.

मग त्यांनी ड्रायव्हरला खुर्चीत बसवलं, बराच वेळ दिव्याखाली दाढ न्याहाळली आणि गंभीर चेहरा केला.

"ही एका दिवसात निघण्यातली नाही. दर बुधवारी थोडी थोडी काढावी लागेल."

ड्रायव्हरने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आणखी मोठा आ करून दुसऱ्या बाजूचीही दाढ दाखवली.